दीड दिवसाची शाळा आणि ‘फकिरा’ : अण्णाभाऊ साठे यांचे वाचनमय जीवन

स्मरणिका म्हटली की संस्थेच्या वाटचालीचा आढावा, इमारतींची छायाचित्रे आणि मान्यवरांचे शुभसंदेश यांनी ती भरलेली असते. ते सर्व योग्यच आहे. परंतु किन्हीराजासारख्या गावात, वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, शेतमजुरांच्या, ऊसतोड कामगारांच्या आणि वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी चालविल्या जाणाऱ्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत अशा एका माणसाचे चरित्र असावे असे आम्हांस वाटले, ज्याला शाळा लाभली नाही, पण ज्याची कादंबरी आज शाळा-महाविद्यालयांत वाचली जाते. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे हे ते नाव. शाळेत न शिकलेला माणूस वाचक कसा झाला आणि वाचकाचा लेखक कसा झाला, हा इतिहास आमच्या माजी विद्यार्थ्यांनी, पालकांनी आणि समाजबांधवांनी जाणून घ्यावा, हा या लेखाचा हेतू आहे.

वाटेगावचा तुकाराम

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. त्या काळी तो सर्व मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. त्यांचे मूळ नाव तुकाराम. वडील भाऊराव आणि आई वालुबाई. जात मांग. गावकुसाबाहेरचे घर, दोरखंड वळणे, केरसुण्या बांधणे, सणसमारंभात वाजंत्री वाजविणे ही परंपरेने वाट्याला आलेली कामे, आणि त्यावर पोट भरत नसे म्हणून मजुरी. त्यातच ब्रिटिशांनी १८७१ मध्ये आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया पुढे या मुलखातील मांग आणि रामोशी वस्त्यांवर पडली. माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरू लागला. गुन्हा केला असो वा नसो, पोलिसांपुढे हजेरी देणे भाग होते. ज्या समाजाचे नाव सरकारच्या दप्तरात केवळ हजेरीपुरते लिहिले जात होते, त्या समाजातील एका मुलाने पुढे स्वतःच्या हाताने त्या समाजाची कथा लिहिली, हे लक्षात ठेवून पुढील जीवन पाहावे लागते.

तुकाराम शाळेत गेला तो अवघा दीड दिवस. वयाने मोठा, अक्षरे गिरवता येईनात, आणि गुरुजींनी दिलेली शिक्षा इतकी कठोर होती की तिने शाळेचीच वाट बंद केली. ‘दीड दिवसाची शाळा’ हे शब्द आज त्यांच्या नावाशी कौतुकाने जोडले जातात. भाषणांत टाळ्याही मिळतात. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून आम्हांस त्या शब्दांत कौतुकापेक्षा वेगळे काही ऐकू येते. त्या दीड दिवसाच्या पलीकडे जे हजारो दिवस होते, ते एका मुलाकडून काढून घेतले गेले. तो मुलगा असामान्य होता म्हणून तरला. त्याच्यासोबत त्याच ओसरीवरून परत गेलेली आणि पुन्हा कधीच पाटीला हात न लावलेली मुले किती असतील, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही. शाळेवाचूनही माणूस मोठा होतो, असा या जीवनाचा अर्थ कोणी काढू नये. शाळेने ज्याला बाहेर घालविले त्याला अक्षर मिळविण्यासाठी किती किंमत मोजावी लागली, असा तो अर्थ आहे.

दुकानांच्या पाट्या हेच पुस्तक

तुकाराम दहा-बारा वर्षांचा असताना दुष्काळाने आणि दारिद्र्याने या कुटुंबाला गावाबाहेर काढले. भाऊराव मुलाबाळांना घेऊन मुंबईस निघाले, तेही पायी. तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर त्यांनी वाटेत मिळेल ते काम करीत, मिळेल तेथे मुक्काम करीत कापले. आमच्या भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीस किंवा वीटभट्ट्यांवर निघालेली बिऱ्हाडे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या प्रवासाचे वर्णन वेगळे करून सांगण्याची गरज नाही. आमच्या वसतिगृहातील कित्येक मुले त्याच बिऱ्हाडांतून येथे आली आहेत.

मुंबईत भायखळ्याच्या चाळीत आसरा मिळाला. त्या वयात तुकारामाने कोळसे वेचले, कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेऊन फेरीवाल्यामागे फिरण्याचे काम केले, पुढे गिरणीतही राबला. परंतु याच शहराने त्याला एक अशी गोष्ट दिली जी गावाच्या शाळेने नाकारली होती. मुंबईच्या रस्त्यावर सर्वत्र अक्षरे होती. दुकानांवरच्या पाट्या, भिंतींवरच्या जाहिराती, चित्रपटांची मोठमोठी पोस्टरे. ती सर्वांसाठी होती. त्यांच्याजवळ उभे राहण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती. गठ्ठा डोक्यावर असतानाही ती पाहता येत होती. तुकाराम ती पाहू लागला, ओळखीच्या माणसांना विचारू लागला, एका पाटीवरचे अक्षर दुसऱ्या पाटीवर शोधू लागला.

अक्षरे जुळू लागली तशी वाचनाची भूकही वाढली. मिळेल ते पुस्तक, मिळेल तो कागद त्यांनी वाचून काढला. वाचनाचा आनंद हा शब्द आपण सहज वापरतो. ज्या मुलाला पुस्तक घरातच सापडते त्याचा आनंद वेगळा, आणि ज्याने एकेक अक्षर रस्त्यावरून वेचून आणले त्याचा आनंद वेगळा. कोळसा वेचणाऱ्या हातांनी अक्षरे वेचली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

येथे रशियन लेखक मॅक्सिम गॉर्कीची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८६८ मध्ये जन्मलेल्या या लेखकालाही शालेय शिक्षण जवळपास लाभले नव्हते. व्होल्गा नदीवरील बोटीत भांडी घासण्याचे काम करीत असताना तेथील स्वयंपाक्याने त्याला पुस्तकांची गोडी लावली. पुढे गॉर्कीच्या लेखनाचा अण्णाभाऊंवर गाढ प्रभाव पडला, यात नवल नाही. एका पोरक्या मुलाने व्होल्गाकाठी जे सोसले ते वारणाकाठच्या मुलाला परके वाटण्याचे कारण नव्हते.

आपल्या परंपरेतही असे एक उदाहरण आहे. मॅट्रिक झालेल्या तरुण भीमरावाला कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या वाचनाचे बीज १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कसे फळास आले, हे आपण सर्व जाणतो. ज्या बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधले, त्यांच्या अनुयायांना वाचनाचे महत्त्व पटवून देण्याची गरज नसावी. तरीही ती पडते, म्हणून हा लेख लिहावा लागत आहे.

लेबर कॅम्प, डफ आणि लेखणी

माटुंग्याचा लेबर कॅम्प हे अण्णाभाऊंचे खरे विद्यापीठ होते. कष्टकऱ्यांच्या त्या वस्तीत आंबेडकरी चळवळ आणि कम्युनिस्ट चळवळ शेजारी शेजारी नांदत होत्या. १९२७ च्या महाड परिषदेच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते रामचंद्र बाबाजी मोरे पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेले. त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सहवास अण्णाभाऊंना येथे मिळाला. सभा होत, वृत्तपत्रे वाचली जात, वाद होत. त्यांचे सुरुवातीचे गाणे या कॅम्पातील डासांवर होते, असे सांगतात. पुढे याच वस्तीने मराठीला बाबुराव बागुल यांच्यासारखा कथाकार दिला. पत्र्याच्या आणि फळ्यांच्या घरांतून साहित्य येऊ शकते, याचा हा पुरावा होय.

काही काळ ते गावी परतले, नात्यातील बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात रमले, १९४२ च्या लढ्याच्या वाऱ्यात सापडले आणि पुन्हा मुंबईस आले. स्टालिनग्राडच्या लढाईवरील त्यांच्या पोवाड्याने त्यांचे नाव कामगारांत सर्वतोमुखी झाले. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशावर सरकारी बंधने आली तेव्हा त्याच कलेला लोकनाट्याचे रूप देऊन त्यांनी ती जिवंत ठेवली. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ यांसारख्या वगांनी कामगार मैदाने भरू लागली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मैना’ या त्यांच्या गाण्याने मुंबईपासून तोडल्या जाणाऱ्या महाराष्ट्राची व्यथा घरोघरी पोहोचविली. १ मे १९६० रोजी जे राज्य निर्माण झाले, त्याच्या पायात या शाहिराचा घाम आहे.

१९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याच्या उद्घाटनाचा मान अण्णाभाऊंना मिळाला. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली नसून ती श्रमिक आणि दलितांच्या तळहातावर तोललेली आहे, असा विचार त्यांनी तेथे मांडला. दलित साहित्याच्या चळवळीने पुढे हाच विचार आपला मानला.

‘फकिरा’

१९५९ हे वर्ष मराठी कादंबरीच्या इतिहासात मोलाचे आहे. याच वर्षी वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ प्रसिद्ध झाली, जिला पुढे ज्ञानपीठ पुरस्कार लाभला, आणि याच वर्षी अण्णाभाऊंची ‘फकिरा’ आली. एका कादंबरीचा नायक महाभारतातील राजा, दुसरीचा नायक मांगवाड्यातील बंडखोर. आणि ‘फकिरा’ला प्रस्तावना लिहिली ती खांडेकरांनीच. १९६१ मध्ये महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार या कादंबरीस मिळाला. पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला.

फकिरा ही व्यक्ती काल्पनिक नव्हती. वाटेगावच्या मातीत तो खरोखर वावरला होता आणि अण्णाभाऊंच्या नात्यातीलच होता. अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळी फकिराने लुटलेल्या खजिन्यातील ओंजळभर सुरती रुपये बाळंतिणीच्या घरी दिले, अशी आठवण सांगितली जाते. म्हणजे ज्याच्या घासावर लेखक जगला त्याचेच ऋण त्याने लेखणीने फेडले.

कथेचा आरंभ जोगणीपासून होतो. ज्या गावाजवळ जोगणी, त्या गावाची जत्रा. वाटेगावचा मान वाढावा म्हणून फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी घेऊन येतो आणि त्या धाडसात प्राण गमावतो. गावाने ज्याला गावकुसाबाहेर ठेवले, तो गावाच्या इभ्रतीसाठी मरतो. या एका प्रसंगात जातिव्यवस्थेचा सगळा अन्याय आणि त्या अन्यायाखालीही न वाकलेले माणूसपण वाचकाच्या समोर येते. पुढे बापाच्या मागे वाढलेला फकिरा हाती सापडलेल्या शत्रूचा जीव घेत नाही. दुष्काळ आणि रोगराईने वस्ती उपाशी मरू लागते तेव्हा तो धान्य लुटून भुकेल्यांना वाटतो. सरकारी खजिन्यावर हात टाकतो. शेवटी सरकार त्याच्या माणसांना, बायकापोरांना कोंडून ठेवते, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतःला सरकारच्या हवाली करतो.

या कादंबरीत गावातील सर्व सवर्ण एकाच रंगात रंगविलेले नाहीत. विष्णुपंत कुलकर्णी उपाशी माणसांच्या बाजूने उभे राहतात. लेखकाने अन्याय झाकला नाही, आणि माणुसकी जेथे दिसली तेथे ती मान्य करण्यातही कंजुषी केली नाही. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस ही दृष्टी फार मोलाची वाटते. सरकारी कागदपत्रांत फकिरा दरोडेखोर आहे. कादंबरीत तो माणूस आहे, मुलगा आहे, सोबत्यांचा आधार आहे. कागदपत्र कोणी लिहिले आणि कोणाविषयी लिहिले, हा प्रश्न विचारायला ही कादंबरी शिकविते.

आणि ही कादंबरी अर्पण केली आहे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणास तेव्हा तीन वर्षे होत होती. तलवार हाती घेणाऱ्या नायकाची कथा लेखकाने लेखणीच्या चरणी ठेवली. फकिराचा लढा जेथे थांबला तेथून पुढचा लढा अक्षरांनी लढावयाचा आहे, हे त्या अर्पणपत्रिकेतून उमगते.

आमच्या वर्गात ‘फकिरा’

आमच्या विद्यालयात वरच्या वर्गातील मुलांना आम्ही ‘फकिरा’ मोठ्याने वाचून दाखवतो. आरंभी मुले अडखळतात. वारणा-कृष्णाकाठची बोली आमच्या वऱ्हाडी कानांना नवी असते. जोगणी म्हणजे काय, खोत म्हणजे कोण, हे सांगावे लागते. राणोजी सीमेकडे धावू लागला की मात्र वर्गात कोणी हालत नाही. तास संपल्याची घंटा झाली तरी पुढे काय झाले ते सांगा, असा आग्रह होतो. मग दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातील प्रत जागेवर नसते. ती कोणाच्या तरी उशीखाली सापडते. अशी हरवलेली प्रत पाहून आम्हांस राग येत नाही.

पालक कधी कधी विचारतात, कादंबऱ्या वाचून परीक्षेत गुण वाढतात काय? प्रश्न रास्त आहे. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन मूल शाळेत ठेवले त्यांना तो विचारण्याचा अधिकार आहे. आमचे उत्तर असे की, ज्या मुलाला पुढच्या पानाची ओढ लागली त्याला धडा वाचावयास सांगावे लागत नाही. शिवाय पाठ्यपुस्तक मुलाला जग दाखविते, पण त्या जगात आपल्यासारखी माणसेही आहेत हे त्याला ‘फकिरा’सारखे पुस्तक दाखविते. आपल्या बापासारखा बाप, आपल्या आजीसारखी आजी छापील पानावर प्रथम भेटते, तेव्हा मुलाची मान जराशी वर होते. हे आम्ही वर्गात पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. अण्णाभाऊंनी धम्मदीक्षा घेतली नव्हती; ते लाल बावट्याखाली वाढले. बाबासाहेबांचे आणि कम्युनिस्टांचे मतभेद सर्वश्रुत आहेत. एवढ्यावरून आपल्यातील काहींनी अण्णाभाऊंना परके मानले, आणि पलीकडूनही बाबासाहेबांकडे पाठ फिरविणारे निघाले. आजही अनेक गावांत १४ एप्रिलची मिरवणूक एका वस्तीतून निघते आणि १ ऑगस्टची दुसऱ्या वस्तीतून. मध्ये अंतर एखाद्या गल्लीचे असते. ज्यांना या दोन वस्त्यांनी एक होऊ नये असे वाटते, त्यांचे काम आपणच सोपे करीत आहोत. अण्णाभाऊंनी आपले सर्वश्रेष्ठ पुस्तक कोणाच्या लेखणीला अर्पिले, हे दोन्ही वस्त्यांनी वाचले तरी ती गल्ली ओलांडता येईल. आमच्या वसतिगृहात दोन्ही वस्त्यांची मुले एकाच पंगतीत जेवतात आणि एकाच प्रतीतून ‘फकिरा’ वाचतात. ती गावी परततील तेव्हा ही सवय सोबत नेतील, अशी आम्हांस आशा आहे.

अखेरचे दिवस आणि आपले दायित्व

१९६१ मध्ये अण्णाभाऊ सोव्हिएत रशियास जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले. ‘वैजयंता’, ‘माकडीचा माळ’, ‘वारणेचा वाघ’, ‘चिखलातील कमळ’, ‘चंदन’ अशा तीसहून अधिक कादंबऱ्या, अनेक कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे आणि गाणी एवढे लेखन त्यांनी केले. ‘स्मशानातील सोनं’ ही कथा वाचून भूक म्हणजे काय हे ज्याला कळले नाही, त्याला ते अन्य कशानेही कळणार नाही. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले.

असे असूनही लेखकाच्या घरी सुबत्ता आली नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत त्यांनी आपले बरेचसे श्रेष्ठ लेखन केले. लेखनाचा योग्य मोबदला क्वचितच हाती आला. संसार विस्कटला, व्यसनाने शरीर पोखरले, माणसे दुरावली. अखेरच्या काळात गोरेगावच्या सिद्धार्थनगरात घर मिळाले, पण तोवर उशीर झाला होता. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची एकोणपन्नास वर्षे पूर्ण होण्यास दोन आठवडे उरले होते.

मृत्यूनंतर सन्मान आले. २००२ मध्ये भारत सरकारने टपाल तिकीट काढले. २०२२ मध्ये मॉस्को येथील विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा उभा राहिला. शाळेच्या ओसरीवरून परत गेलेल्या मुलाचा पुतळा परदेशातील ग्रंथालयात आहे, ही गोष्ट आमची मुले ऐकतात तेव्हा त्यांचे डोळे चमकतात. मात्र पुतळे जिवंत लेखकाच्या चुलीवर भाकरी ठेवत नाहीत. जो समाज आपल्या लेखकाची पुस्तके विकत घेऊन वाचतो, त्याच समाजाचा लेखक जगतो. मिरवणुकीच्या एका वाद्यवृंदाचा खर्च किती होतो आणि तेवढ्यात ‘फकिरा’च्या किती प्रती येतात, हा हिशेब प्रत्येक जयंती मंडळाने एकदा मांडून पाहावा.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. आपण नोकरीत स्थिरावला असाल, पुण्यामुंबईत घर केले असेल. त्या घरात पुस्तकांसाठी एक फळी असावी आणि तिच्यावर ‘फकिरा’ असावी. गावी याल तेव्हा या विद्यालयाच्या ग्रंथालयास एक पुस्तक आणावे. त्यावर आपले नाव व वर्ग लिहावा, म्हणजे आज त्याच बाकावर बसणाऱ्या मुलाला ते कोणी पाठविले हे कळेल. पालकांना विनंती अशी की, सुटीत मूल घरी आले की दहा मिनिटे त्याच्याकडून काही वाचून घ्यावे. आपणांस अक्षरओळख नसली तरी ऐकता येते. ऐकणारे कोणी असले की वाचणाऱ्याला बळ येते.

वाटेगावच्या शाळेने एका मुलाला दीड दिवस दिला. किन्हीराजाच्या या विद्यालयात प्रत्येक मुलाला वर्षांमागून वर्षे मिळतात, निवारा मिळतो, ताटात अन्न मिळते आणि हाती पुस्तक मिळते. त्या वर्षांचे आपण काय केले, हा प्रश्न अण्णाभाऊंचे जीवन आम्हां शिक्षकांना, आमच्या विद्यार्थ्यांना आणि अवघ्या समाजाला विचारीत राहील. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आपणा सर्वांची आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!